शेवटचा डबा

आमच्या देगलूरला रेल्वे नाही. नांदेड-देगलूर-बीदर अशा लोहमार्गाची मागणी फार जुनी आहे. सर्वेक्षणाच्या बातम्या येतात, निवडणुका येतात आणि जातात, आणि देगलूरकर आपला मुकाट्याने नांदेडची एस. टी. धरतो. सुमारे ऐंशी किलोमीटर गेल्यावर त्याला रूळ दिसतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही बोली ज्या बाजारात एका वेळी ऐकू येतात, त्या आमच्या सीमेवरच्या गावात आगगाडीची शिट्टी तेवढी ऐकू येत नाही. अशा गावात, आमच्या बैठकीच्या खोलीतील काचेच्या कपाटात, आता आगगाडीचा एक डबा उभा आहे. लांबी तीन इंच, वजन सहा तोळे. येणारा प्रत्येक जण तो न्याहाळतो आणि विचारतो, "सर, इंजिन कुठंय?" इंजिन नाही. मालगाडीचा हा शेवटचा डबा. एवढाच आम्ही केला. तो का केला आणि करता करता आमच्या मनात काय काय उलथेपालथे झाले, ते येथे सांगावयाचे आहे.

आमचा मुलगा अमेरिकेत असतो. २०२१ च्या मे महिन्यात आमची पत्नी नांदेडच्या एका रुग्णालयात करोनाने गेली. तेव्हा विमानप्रवासावर निर्बंध होते. इकडे आलेल्यास परत जाता येईल की नाही, याची खात्री कोणी देत नव्हते. तिकडे त्याची पत्नी, लहान मूल आणि नोकरी. "बाबा, मला निघता येत नाही," असे तो फोनवर म्हणाला. आम्ही "बरं" म्हणालो. दफनविधी त्याने फोनच्या पडद्यावर पाहिला. कब्रस्तानात फादर धरून आम्ही चौघेच होतो. तो अपराधी नव्हता, हे आम्हांस कळत होते. परंतु कळणे निराळे आणि वळणे निराळे. त्या दिवसापासून त्याचा फोन आला म्हणजे आमच्या तोंडून दोनच शब्द निघत, "बरं आहे". ते दोन शब्द साडेतीन वर्षे पुरले.

२०२४ च्या नाताळला तो मुलाला घेऊन आला. बारा दिवस राहिला. जाताना नातवाने आमच्या हाती एक चपटा खोका ठेवला. आत प्लास्टिकचे लाल सुटे भाग, चाके, दोन लोखंडी पट्ट्या आणि घडी घातलेला सूचनापट. जोडून करावयाचे 'कबूस' होते ते. अमेरिकेत मालगाडीच्या शेवटच्या डब्याला हे नाव आहे. मुलगा उंबरठ्यापाशी म्हणाला, "अण्णा आजोबा गार्ड होते ना, म्हणून आणलं." आम्ही "बरं" म्हणालो. खोका कपाटावर गेला आणि पावसाळ्यापर्यंत तेथेच राहिला.

आमचे वडील, अण्णा, पूर्णा जंक्शनला मालगाडीचे गार्ड होते. निजामाच्या रेल्वेत ते लागले. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि १९६६ मध्ये सिकंदराबादला मुख्यालय असलेली दक्षिण मध्य रेल्वे निर्माण झाली. मालक बदलत गेले, अण्णांचा डबा मात्र तोच राहिला. मनमाड-सिकंदराबाद मार्ग त्या वेळी मीटरगेज होता. चार चाकांवर उभी एक लाकडी-लोखंडी खोली, दोन्ही टोकांना उघडी पडवी, पडवीला कठडा आणि आत हातब्रेकचे चक्र. चारचाकी डबा रुळाच्या प्रत्येक सांध्यावर आदळे. अण्णा ड्युटीवरून आले म्हणजे तासभर त्यांचा हात कपाशी थरथरत असे.

शेवटच्या डब्याचे महत्त्व रेल्वेबाहेरच्या माणसास सहसा ठाऊक नसते. गाडी स्टेशनावरून जाते तेव्हा तेथील माणूस इंजिनाकडे पाहून समाधान मानीत नाही. तो शेपूट पाहतो. शेवटच्या डब्यावर दिवसा 'एल. व्ही.' अक्षरांची पाटी आणि रात्री तांबडा दिवा दिसला, म्हणजे गाडी संपूर्ण आली. तो दिसला नाही, तर सांधा तुटून काही डबे मागे रुळावर राहिले असणार. मग त्या टप्प्यात दुसरी गाडी सोडता येत नाही. इंजिन गाडी आल्याचे सांगते; गाडी पूर्ण आल्याचे मात्र शेवटचा डबाच सांगतो. त्या डब्यात बसणाऱ्या माणसाचे तोंड पुष्कळदा मागे, सोडून आलेल्या वाटेकडे असते.

अमेरिकेतील कबूस हे याच घराण्यातले, पण सुखवस्तू. आठ चाके, आत शेगडी, निजावयास बाके आणि छपरावर काचा लावलेली एक उंच कोठडी. तीत बसून माणूस साऱ्या गाडीवर नजर ठेवी. १९८० च्या दशकात तेथील कंपन्यांनी कबूस झपाट्याने काढून टाकली आणि शेवटच्या वाघिणीला लुकलुकणाऱ्या दिव्याची एक पेटी अडकवली. आपल्याकडेही अशा यंत्राचे प्रयोग झाले आहेत. २०२२ मध्ये गार्ड हे पदनाम जाऊन त्या जागी 'ट्रेन मॅनेजर' आले. अण्णांना हे नाव ऐकून हसू आले असते, असे आम्हांस वाटते.

जुलैमध्ये सतत तीन दिवस झड लागली, तेव्हा आम्ही खोका उघडला. छोट्या रेल्वेची आम्हांस अगदीच ओळख नव्हती असे नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. शाळेची सहल घेऊन आम्ही एकदा तेथे गेलो होतो. एका खोलीत अख्खे शहर, सिग्नल, पूल, आणि त्यांतून आपापल्या वेळेवर धावणाऱ्या गाड्या. तेथेच आम्हांस प्रमाणाचे गणित कळले होते. या छंदातील सर्वांत रूढ प्रमाण एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी मीटर येथे एक मीटर होतात. साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरांत बसतो. अमेरिकी रूळ या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटर रुंद. आपला मीटरगेज साडेअकरा. आणि कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये आणि लातूरला १९११ मध्ये पोचलेली ती जुनी अडीच फुटी बार्शी लाईट तर पावणेनऊच.

सूचनापटाप्रमाणे डबा जोडणे अवघड नव्हते. भाग चौकटीपासून पात्याने सोडवावयाचे, चिकटवण्यापूर्वी एकदा कोरडे जुळवून पाहावयाचे, कड कानशीने घासावयाची आणि मग सांध्याच्या आतल्या अंगाने द्रवाचा एक थेंब सोडावयाचा. तो आपणहून फटीत पसरतो आणि प्लास्टिक प्लास्टिकात विरघळून एकजीव होते. दोन भिंती आणि तळ उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यावर ती काचेची कोठडी ठेवून पाहिली आणि मन खट्टू झाले. डबा सुरेख होता. पण अण्णा त्यात बसलेच नसते. छपरावरची कोठडी त्यांना कोणी दिली होती? शेगडी कोठे होती? आम्ही कोठडी बाजूला ठेवली आणि ठरवले, की याचा पूर्णेचा डबा करावयाचा.

येथून पुढे सूचनापट निरुपयोगी झाला आणि गावाचे काम सुरू झाले. पाच इंची डब्याला मधोमध करवत लावून आम्ही तो तीन इंचांवर आणला. छपरातील कोठडीचे भोक लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याने बुजवले आणि वरून पॉलिश पेपर फिरवला. पडव्यांचे कठडे करण्यासाठी मोटारी भरून देणाऱ्याकडून तांब्याची बारीक तार आणली; ती सोनाराने ओढून आणखी बारीक करून दिली आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पोराने झाळून दिली. हातब्रेकचे चक्र हवे होते. घड्याळवाल्या चाचांनी डबा हातात घेऊन डोळ्याला भिंग लावले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "सरजी, इत्ता छोटा डब्बा, इसमें बैठनेवाला कहाँ है?" मग आपल्या डबीतून एका जुन्या मनगटी घड्याळाचे पितळी दातेरी चाक शोधून दिले. पैसे घेतले नाहीत.

वजनाचाही नियम असतो. अमेरिकेतील या छंदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने सांगितलेले माप असे: मुळात एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस अधिक. डबा हलका असला तर वळणावर रूळ सोडतो. आमच्या तीन इंचांना अडीच औंस, म्हणजे सत्तर ग्रॅम, म्हणजे सहा तोळे. टायरच्या दुकानात चाकांच्या समतोलासाठी लावतात ते शिशाचे तुकडे आणून सोनाराच्या काट्यावर तोलले. सोनार हसून म्हणाला, "गुरुजी, आजवर या काट्यावर शिसं कधी आलं नव्हतं."

चुकाही झाल्या. रंग पातळ करण्यासाठी आम्ही भिंतीच्या रंगाच्या दुकानातून थिनर आणले, आणि घाईने न तपासता ब्रश फिरवला. प्लास्टिक लोण्यासारखे सुटले आणि एका खिडकीची चौकट वाकडी झाली. ती तशीच राहिली आहे. चाकांचेही जमले नाही. आठांपैकी चार घेतली. आसावर आत सरकवून मीटरगेजच्या मापाला आणावयाचा यत्न केला, तर एक चाक तडकले. राखीव जोडातून दुसरे घातले आणि चाके मूळ मापावरच ठेवली. त्यामुळे आमच्या डब्याची स्थिती अशी आहे, की वरचे अंग पूर्णेचे आणि खालची चाके अमेरिकेची. मागचा तांबडा दिवा मात्र मनासारखा झाला. पत्नीच्या शिवणाच्या डब्यात एक लाल काचमणी सापडला.

पडवीच्या कठड्याला आडव्या सळ्या दोन होत्या की तीन, हे काही केल्या आठवेना. अण्णांची लोखंडी पेटी माळ्यावर होती. गार्डाची ही पेटी त्याच्याबरोबर गाडीत चढते आणि त्याच्याबरोबर उतरते. एखादे छायाचित्र असेल म्हणून ती काढली. छायाचित्र नव्हते. लाल-हिरवे निशाण होते, हातदिवा होता, सामान्य नियमांची १९७६ ची प्रत होती आणि तिच्याखाली दोऱ्याने बांधलेल्या वह्या होत्या. प्रत्येक फेरीच्या वेळा अण्णा स्वतःसाठी टिपून ठेवीत. आम्ही १९६२ ची वही शोधली. ती शोधायला पेटी काढली नव्हती, असे आम्ही स्वतःशी म्हणालो. पण ते खरे नसावे.

१९६२ च्या डिसेंबरात आमची धाकटी बहीण तापाने गेली. ती पाच वर्षांची, आम्ही बारा. अण्णा सिकंदराबादकडून येणाऱ्या मालगाडीवर होते. आईने स्टेशनातून निरोप पाठवला होता. रात्र गेली, पहाट झाली, बहीण गेली, आणि अण्णा आले ते सकाळी दहाच्या पुढे. आई त्यांना एका शब्दाने बोलली नाही. बोललो आम्ही, चार वर्षांनी, सोळाव्या वर्षीच्या उर्मटपणाने. "तुम्हाला गाडी आमच्यापेक्षा जवळची," असे आम्ही म्हणालो. अण्णांनी बुटांच्या नाड्या बांधता बांधता एवढेच उत्तर दिले, "मागे गाडी होती." आम्हांस ती पळवाट वाटली. त्यानंतर त्यांच्या मृत्यूपर्यंत आमच्यात भांडण असे झाले नाही. बोलणेही फारसे झाले नाही.

वहीत त्या रात्रीच्या चार ओळी होत्या, इंग्रजीत, पेन्सिलीने. बारा तीसला निरोप मिळाला. बदली गार्ड नाही. एक चाळीसला इंजिन बंद, मागे संरक्षण. सहा पंधराला मदतीचे इंजिन. पूर्णा नऊ पन्नास. त्याखालच्या तारखांपुढे एकच शब्द होता, रजा. आणि दिवस तीन.

म्हणजे निरोप मिळाला होता. त्यांना ठाऊक होते.

'मागे संरक्षण' म्हणजे काय, ते नियमांच्या पुस्तकात आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी अकस्मात अडकली, तर मागून येणाऱ्या गाडीला थांबवण्याची व्यवस्था गार्डाने करावयाची. वास्तविक मागून गाडी सोडलेली नसते. पण नसते असे धरून चालावयाचे नाही, ती येतच आहे असे धरून चालावयाचे. गार्डाने दिवा दाखवीत मागे चालत जावयाचे. मीटरगेजवर ४०० मीटरवर रुळाला एक डिटोनेटर बांधावयाचा. रेल्वेत त्याला पटाखा म्हणतात, इंजिनाचे चाक वरून गेले म्हणजे तो मोठ्याने फुटतो. ८०० मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन. तेथे उभे राहावयाचे आणि परत बोलावणे येईपर्यंत हलावयाचे नाही. ब्रॉडगेजवर हीच अंतरे ६०० आणि १२०० मीटर आहेत.

त्या रात्री घर पुढे होते. अण्णा मागे चालत गेले.

एका रविवारी सायंकाळी नातवाचा फोन आला. तिकडे सकाळ होती. त्याला पडद्यावर डबा पाहावयाचा होता. आम्ही डबा बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवला, अण्णा काय करीत ते त्याला सांगितले आणि म्हणालो, "चल, आपण चालून पाहू." ४०० मीटर भागिले सत्त्याऐंशी, म्हणजे साडेचार मीटरांहून थोडे अधिक: खोलीच्या दारापाशी पोचलो. तेथे उंबरठ्यावर खसखशीचा एक दाणा ठेवला. या प्रमाणात पटाखा त्याहून मोठा भरत नाही. ८०० मीटर म्हणजे नऊ मीटर वीस सेंटिमीटर, तीस फूट. ओसरी ओलांडून अंगणात, पेरूच्या झाडाखाली आलो. साडेअकरा-साडेअकरा सेंटिमीटरांवर तीन दाणे ठेवले आणि फोन मागे वळवला.

"आजोबा, डबा दिसत नाही," नातू म्हणाला.

खरेच दिसत नव्हता. दार दिसत होते, दारातला उजेड दिसत होता; टेबलावरचा तीन इंची डबा आणि त्याच्या पाठीचा लाल मणी त्या उजेडात हरवला होता. आमच्या जागी दोन सेंटिमीटरांचा माणूस कल्पावा. डिसेंबरची रात्र, दोन्ही बाजूंना काळी रानं, हातात एक दिवा. पावणेदोन वाजल्यापासून सव्वासहापर्यंत तो माणूस तेथे उभा आहे. त्याच्या गाडीचा दिवा त्याला ठिपक्याएवढा दिसत असेल वा नसेल. गाडीच्याही पुढे काही मैलांवर त्याचे लेकरू आहे आणि त्याला ते ठाऊक आहे. तो पुढे पळत सुटला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. निदान आम्ही दिला नसता. पण मागे गाडी होती. बहुधा नव्हती, पण असती, तर तिच्यातही कोणाचा तरी बाप होता.

साठ वर्षे आम्ही त्या उत्तराला पळवाट समजत होतो. जागा सोडून जाता न येणे आणि प्रेम नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्हांस वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी अंगणात उभे राहून कळावे, यात आमची थोरवी काहीच नाही. आणि अण्णांविषयी ते कळले त्याच घटकेला दुसराही एक हिशेब आपोआप समोर आला. २०२१ च्या मे महिन्यात आणखी एक माणूस असाच आपल्या जागी अडकून उभा होता. तो पुढे पाहत होता आणि त्याच्या आईचा दिवा त्याला पडद्यावर ठिपक्याएवढा दिसत होता. त्याला आम्ही "बरं" म्हणालो होतो.

"मग गार्ड परत कसा येतो?" नातवाने विचारले.

आम्ही सांगितले, की इंजिन शिट्टी देऊन त्याला बोलावते. मग तो निघतो. शेवटचे तीन पटाखे तसेच ठेवतो, कारण मागची गाडी अजूनही येऊ शकते. वाटेतला एक मात्र उचलून घेतो. पुस्तकात तसेच लिहिले आहे.

"मग शिट्टी वाजवा ना!"

आम्ही तोंडाने शिट्टी घातली. पंच्याहत्तराव्या वर्षी ती जशी निघावयाची तशीच निघाली. पडद्यावर नातू हसू लागला आणि त्याच्या मागे, कडेला इतका वेळ उभा असलेला त्याचा बाप पुढे येऊन दिसू लागला. त्याने सारे ऐकले होते. त्याचे डोळे आम्ही पाहिले. आमचे त्यालाही दिसले असावेत.

"बाबा, खिडकी वाकडी झालीय," तो म्हणाला.

"थिनरनं," आम्ही म्हणालो. "चाकंही तुमच्याकडचीच ठेवलीत. तू आलास की बघू." मग थोडे थांबून आम्ही त्याला म्हणालो, की त्या मे महिन्यात तुला येता आले नाही, त्यात तुझी काही चूक नव्हती, हे तेव्हाच सांगावयास हवे होते. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. परंतु त्या दिवशी फोन कोणीच ठेवला नाही. नातू मधेच खेळावयास निघून गेला, तिकडचा चहा झाला, इकडे दिवेलागण झाली.

नंतर आम्ही आत आलो. येताना उंबरठ्यावरचा दाणा उचलला. अंगणातले तीन तसेच राहू दिले; सकाळी मुंग्यांनी नेले होते.